गुण किती ते सांगितलंत, कशाचे ते सांगा

विमान देखभाल प्रशिक्षण संस्थेचे माननीय प्राचार्य, प्रात्यक्षिक परीक्षा समितीचे सदस्य आणि शिकवणारे सर्व सर व मॅडम यांना,

सप्रेम नमस्कार.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या आमगाव तालुक्यात लेथचं वर्कशॉप चालवतो. राईस मिलचे शाफ्ट, पुली, इलेव्हेटरचे बुश, ट्रॅक्टरच्या पिना अशी कामं करतो. माझी मुलगी तुमच्या संस्थेत शिकते. संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. पत्र वाचून तुम्ही ओळखालच, आणि जिथे जिथे हीच पद्धत चालते त्यांनीही ते वाचावं अशी इच्छा आहे.

गेल्या महिन्यात तुमच्या सूचना फलकावर एक कागद लागला. प्रात्यक्षिक आणि प्रकल्पाचे गुण अंतिम आहेत, फेरतपासणीचे अर्ज घेतले जाणार नाहीत, तपासलेले जॉब, म्हणजे मुलांनी परीक्षेत बनवलेल्या वस्तू, भंगारात जमा होतील, ज्याला हवा असेल त्यानं दोन दिवसांत घेऊन जावा. मुलीनं त्याचा फोटो पाठवला. त्यानंतर मी तुम्हाला दोन पत्रं लिहिली, एकदा फोन केला. "प्रॅक्टिकलचे मार्क हा सरांचा अधिकार आहे," एवढं एकच उत्तर मिळालं. ते मला मान्य नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे.

मुलीला शीट मेटलच्या प्रकल्पात १०० पैकी ५४ मिळाले. पुढच्या सत्रात हा भाग पुन्हा करावा लागणार, त्याची फी वेगळी. ५४ च्या पुढे एक शब्द लिहिलेला नव्हता. तिच्या खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीला त्याच ड्रॉइंगवरच्या तशाच जॉबला ८१. तिच्याही कागदावर नुसता आकडा.

मुलगी विदर्भ एक्सप्रेसनं घरी आली तेव्हा बॅगेत टॉवेलमध्ये गुंडाळलेले दोन जॉब होते. एक तिचा, एक मैत्रिणीचा. मैत्रिणीनं तो स्वतःहून दिला होता, "तुझ्या बाबांना मोजू दे" म्हणून. रोवणीचे, म्हणजे धान लावायचे, दिवस होते, गिऱ्हाईक कमी. संध्याकाळी मी मशीन बंद केली, सरफेस प्लेट (जॉब ठेवून मोजायची सपाट फरशी) पुसली, बारीक माप घ्यायचा व्हर्नियर काढला. मुलगी मोजत गेली, मी पुन्हा मोजून खात्री करत गेलो, आणि तिच्या आईनं उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर आकडे लिहिले.

जॉब असा होता: एक मिलिमीटर जाडीचे अ‍ॅल्युमिनियमचे दोन पत्रे एकमेकांवर चढवून दोन रांगांत २० रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्या, मारायचे. रिव्हेट एक सुताचा, म्हणजे ३.२ मि.मी. नियम मुलीनंच मला समजावले. रिव्हेट मारल्यावर मागच्या बाजूला जे डोकं तयार होतं, त्याला ती मुलं शॉप हेड म्हणतात, त्याची रुंदी रिव्हेटच्या दीडपट हवी, म्हणजे ४.८. उंची निम्मी, म्हणजे १.६. आणि भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या काठापर्यंत कमीत कमी रिव्हेटच्या दुप्पट अंतर हवं, म्हणजे ६.४. मला हे ऐकून बरं वाटलं. म्हटलं, हे तर आमच्यासारखंच काम आहे, इथे वाद घालायला जागाच नाही.

माझ्या मुलीच्या जॉबवर काठाचं अंतर सगळीकडे बरोबर होतं. १७ डोकी बरोबर होती. तीन चपटी झाली होती: उंची १.१, १.२, १.१, आणि पसरून साडेपाच मिलिमीटरच्या वर गेलेली. रिव्हेट मारायची गन जास्त वेळ दाबली गेली. मैत्रिणीच्या जॉबवर वीसच्या वीस डोकी सुंदर, पत्रा आरशासारखा. आदल्या रात्री पॉलिश लावून घासला होता, असं तिनंच सांगितलं. पण काठाकडची रांग किंचित तिरकी गेली होती. शेवटच्या चार रिव्हेटांचं अंतर ५.९ वरून उतरत ५.२ पर्यंत आलेलं. नुसतं बघून कळत नव्हतं. व्हर्नियर लावल्यावर लगेच कळलं.

मुलगी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बाबा, माझे तीन रिव्हेट जास्त मारले गेले, त्याचे मार्क कापायलाच पाहिजेत. पण सरांनी हेच पाहिलं की दुसरं काही पाहिलं, हे मला कसं कळणार?"

या एका प्रश्नासाठी मी तुम्हाला लिहितो आहे. ५४ चे ६४ करा असं माझं म्हणणं नाही. मोजून ४० येत असतील तर ४० द्या. विमानावर ते तीन रिव्हेट ड्रिल करून काढावे लागले असते आणि पुन्हा मारावे लागले असते, हे ती स्वतः सांगते. पण तिच्या बापाकडे व्हर्नियर नसता तर ते तीन रिव्हेट तिला कधी दिसलेच नसते. आणि तिची मैत्रीण, जी तितकीच मेहनती मुलगी आहे, ती ८१ गुण घेऊन हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्त करतात त्या शेडमध्ये, गेली असती आणि काठाजवळ भोक पाडत राहिली असती, कारण तुम्ही तिला हे काम चांगलं म्हणून सांगितलं आहे. भोक काठाच्या जवळ गेलं की ताण आल्यावर पत्रा तिथूनच फाटतो. हे पुस्तकात आहे, तुम्हीच शिकवता.

आमच्याकडे ५० मि.मी.च्या शाफ्टवर बेअरिंगची जागा पाच शतांश मिलिमीटर कमी उतरली तर बेअरिंग शाफ्टवरच फिरायला लागतं. मिल मालक रात्री बारा वाजता फोन करतो. शाफ्ट किती चकाकत होता, मी त्याच्याशी किती अदबीनं बोललो, हे तो विचारत नाही. माझ्या कामाचे गुण मला बेअरिंग देतं.

रिव्हेटच्या ओळीवर काय अवलंबून असतं हे तुम्हाला सांगायची गरज नाही. १२ ऑगस्ट १९८५ ला जपान एअरलाइन्सचं बोइंग ७४७ पडून ५२० माणसं गेली. त्याच्या सात वर्षं आधी शेपटी घासली गेल्यावर मागच्या प्रेशर बल्कहेडची, म्हणजे आतल्या हवेचा दाब धरून ठेवणाऱ्या भिंतीची, दुरुस्ती झाली होती, तिथे दोन ओळींवर यायला हवा तो भार एकाच ओळीवर आला होता. माझ्या मुलीनं हे मला पहिल्या वर्षाच्या दिवाळीत सांगितलं होतं, तुमच्याच वर्गात ऐकून.

दुसरी घटना मी स्वतः शोधून वाचली आणि ती मला जास्त लागली. १० जून १९९० ला बर्मिंगहॅमहून निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच हवेतच उडाली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवलं म्हणून तो वाचला. काच उड्डाणाच्या २७ तास आधी बदलली होती. ९० बोल्टपैकी ८४ बोल्ट कमी व्यासाचे निघाले. फरक ०.०२६ इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. जुना बोल्ट हातात घेऊन नवा त्याच्याशी नजरेनं जुळवला होता, पार्ट नंबर कॅटलॉगमध्ये पाहिला नव्हता. आता सांगा, ज्या मुलांचं काम तीन वर्षं नजरेनं तपासलं जातं, ती मुलं हँगरमध्ये गेल्यावर नजरेवर भरवसा ठेवायला शिकतील की मोजायला?

आता तक्रारी सांगतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार गुणपत्रिकेच्या रचनेबद्दल. कारागिरी ४०, सादरीकरण ३०, तोंडी ३०. कारागिरीचे ४० कशाकशाचे, हे कुठेही लिहिलेलं नाही. डोक्याच्या उंचीला किती, काठाच्या अंतराला किती, बर (भोकाच्या कडेचे धारदार कंगोरे) काढली की नाही याला किती, पत्र्यावर गनचा मार उमटला तर किती वजा? आणि सादरीकरण म्हणजे नेमकं काय? मुलांना विचारलं तर कुणी म्हणतं फाइलची सजावट, कुणी म्हणतं बोलणं, कुणी म्हणतं कपडे. आमच्या भागातली मुलं घरी झाडीबोली बोलतात, शाळा मराठीतून शिकतात. इंग्रजीत उभं राहून बोलताना अडखळतात. मेंटेनन्स मॅन्युअल इंग्रजीतच असतं, ते वाचता आलंच पाहिजे, यात सूट मागणारा बाप मी नाही. मग मॅन्युअलचं पान समोर ठेवा, त्यातला टॉर्क (बोल्ट किती जोरानं आवळायचा तो आकडा) शोधायला सांगा, धोक्याची सूचना कुठली आहे ते दाखवायला सांगा, आणि त्याचे गुण द्या. इंग्रजी फाडफाड बोलण्याचे गुण आणि मॅन्युअल बरोबर वाचण्याचे गुण एका खान्यात टाकू नका.

दुसरी तक्रार: जॉबवर मुलाचं नाव लिहिलेलं असतं, आणि वर्षभर ज्या सरांनी शिकवलं तेच एकटे तपासतात. मी सरांच्या हेतूवर शंका घेत नाही. कुठल्याही माणसाला वर्षभर पाहिल्यावर मनात मत तयार होतं. हा हुशार, ही गबाळी, हा उलट उत्तर देतो. जॉब हातात घेण्याआधीच निम्मे गुण मनात पडलेले असतात. मी आयटीआयला टर्नर झालो तेव्हा आमच्या जॉबवर नाव नसायचं, नंबर पंच केलेला असायचा, आणि परीक्षक दुसऱ्या आयटीआयहून यायचे. तिथे मायक्रोमीटर घेऊन बसलेल्या त्या गृहस्थांना मी कोण हे माहीत नव्हतं. मला ७१ मिळाले होते, आणि चूडीचा (आट्यांचा) पिच कुठे चुकला ते माझ्या कागदावर लिहिलेलं होतं. ती चूक मी पुन्हा केली नाही.

तिसरी: तुम्ही तयार झालेला जॉब पाहता, तो करताना कुणी पाहत नाही. गॉगल घातला का, टॉर्क रेंच घेताना त्यावरचा कॅलिब्रेशनचा (रेंच बरोबर मोजतो हे तपासल्याचा) स्टिकर वाचला का, काम झाल्यावर रेंच खालच्या आकड्यावर परत आणला का, टूल बोर्डवरची प्रत्येक जागा भरली का? लॉकवायर, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधतात ती तार, तर बघा. वायरचे पीळ एकसारखे, शेपूट नीट दुमडलेलं, दिसायला सुरेख, पण वायर बोल्टला सैल करायच्या दिशेनं ओढत असेल तर ती असून नसल्यासारखी. मुलगी सांगते, चुकीच्या दिशेनं बांधलेल्या वायरला सुबक म्हणून गुण मिळालेले तिनं पाहिले आहेत. तिथे गुण कापून भागत नाही. तो जॉब नापासच व्हायला हवा, बाकी कितीही चांगला असला तरी. एखादा पाना आत राहिला, मोजणीत एक हत्यार कमी भरलं, तिथेही तसंच.

चौथी तक्रार मांडताना वाईट वाटतं, पण लिहितो. शेवटच्या वर्षाचे गटाचे प्रकल्प काही मुलं शहरातल्या दुकानातून बनवून आणतात. रंगवलेलं, लाइट लागणारं, बटण दाबलं की फिरणारं मॉडेल. त्याला वरचे गुण. माझ्या मुलीच्या गटानं जुन्या सुट्या भागांवर हायड्रॉलिक ब्रेकचा चालता संच उभा केला. लाइनमधली हवा काढायला तिला आणि आणखी एका मुलाला चार दिवस लागले, हाताला तेलाचा वास जात नव्हता. परीक्षेच्या दिवशी गटातल्या दोघांनी भाषण केलं, त्यांना जास्त गुण पडले. कुणी काय केलं हे कुणीच विचारलं नाही. विचारायची पद्धत अवघड नाही: संचासमोर एकेका मुलाला उभं करा आणि म्हणा, हा सांधा उघड, सील दाखव, परत बसव. विकत आणणारा तिथेच थांबेल.

आणि जॉब भंगारात. परीक्षा झाली की पुरावा संपला. उद्या एखाद्यावर खरंच अन्याय झाला किंवा एखाद्याला फुकट गुण मिळाले, तर तपासायचं कशावर?

तुमच्या लेखी परीक्षेत असं काही चालत नाही, हे मला माहीत आहे. डीजीसीए या विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या नियमांत लेखी ज्ञान परीक्षेला ७५ टक्के लागतात, बहुतेक प्रश्नांना उत्तरांचे पर्याय असतात आणि त्यांची चावी ठरलेली असते. परीक्षक बदलला तरी त्यांचे गुण बदलत नाहीत. मग हातानं केलेल्या कामाला चावी का नाही? ज्याच्यावर विमान उडणार आहे ते तर हेच काम.

चावी करता येते. वर्ल्डस्किल्स या जागतिक कौशल्य स्पर्धेत विमान देखभाल हा एक विषय आहे. तिथे गुणांचे दोनच प्रकार: मोजून द्यायचे आणि मतानं द्यायचे. जिथे मोजता येतं तिथे मोजतात. जिथे मत लागतं तिथे तीन तज्ज्ञ स्वतंत्रपणे ० ते ३ मध्ये आकडा दाखवतात, प्रत्येक आकड्याचा अर्थ आधी लिहून ठेवलेला असतो, आणि तिघांत एकापेक्षा जास्त फरक पडला तर बोलून पुन्हा आकडे देतात. रिव्हेटच्या ओळीची सफाई, पत्रा हाताळण्याची काळजी, अशा थोड्या गोष्टींना मत लागेल, हे मीही मानतो. पण त्या थोड्याच आहेत.

तुमची अडचण मला समजते. एक सर, ४० मुलं, रिव्हेट गन तीन. मोजायला वेळ कुठून आणणार? म्हणून सांगतो, त्या संध्याकाळी आम्ही घड्याळ लावलं होतं. व्हर्नियरनं वीस रिव्हेट, रुंदी, उंची आणि काठाचं अंतर, सगळं लिहून घेत एका जॉबला ११ मिनिटं लागली. आम्हाला सवय नसताना. गो/नो-गो पट्टी, म्हणजे मापाच्या खाचा पाडलेली पट्टी, असेल तर आकडा वाचायचाही प्रश्न नाही, डोकं खाचेत बसतं की नाही एवढंच बघायचं. दुसरं म्हणजे पहिली तपासणी मुलांनाच करू द्या. एकानं दुसऱ्याचा जॉब मोजायचा, आकडे लिहून सही करायची, सरांनी त्यातले पाच-सहा रिव्हेट पुन्हा मोजून बघायचे. ज्यानं चुकीचं मोजून सही केली त्याचे गुण जातील. हँगरमध्ये त्यांना पुढे हेच करायचं आहे, दुसऱ्याच्या कामावर सही.

माझ्या मागण्या अशा आहेत. प्रत्येक प्रकल्पाची गुणांची तपशीलवार फोड, मर्यादेच्या आकड्यांसह, काम सुरू होण्याआधी ड्रॉइंगसोबत मुलांच्या हातात द्यावी. कोणत्या चुका झाल्या की जॉब थेट नापास, ती यादी वेगळी लावावी. जॉबवर नावाऐवजी नंबर असावा आणि दोन जणांनी वेगवेगळं तपासावं, त्यातला एक तरी त्या वर्गाला न शिकवणारा असावा. दोघांच्या गुणांत मोठा फरक आला तर दोघांनी मुलासमोर पुन्हा मोजावं. काम चालू असताना पाहायच्या गोष्टींवर हो-नाहीची खूण त्याच वेळी व्हावी, नंतर आठवून नाही. गटाच्या प्रकल्पात तारखेनिशी कामाची वही ठेवावी आणि प्रत्येकाची परीक्षा प्रकल्पावर हात ठेवून व्हावी. मोजलेल्या आकड्यांचा कागद प्रत्येक मुलाला मिळावा, पास झालेल्यालाही. निकालानंतर जॉब निदान एक सत्र जपून ठेवावेत. फेरतपासणी नाकारणारी ती सूचना मागे घ्यावी.

यातल्या कशालाही मोठा खर्च नाही. गो/नो-गो पट्ट्या मी करून देतो. एक सूत, सव्वा सूत, दीड सूत अशा रिव्हेटांसाठी, प्रत्येक टेबलाला एक, पैसे नकोत. तुमच्या ड्रॉइंगवरच्या मर्यादा मला कळवा. वापरण्याआधी त्या तुम्ही प्रमाणित गेजवर तपासून घ्या आणि त्यावर तारीख टाका, माझ्या शब्दावर घेऊ नका.

बिरसीची धावपट्टी आमच्यापासून लांब नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी बांधलेली ती पट्टी, आता तिथे वैमानिक घडतात. त्यांची लहान विमानं आमच्या बांध्यांवरून जातात. मुलगी सहावीत असताना रोवणीच्या चिखलात उभी राहून विचारायची, हे बिघडलं तर कोण दुरुस्त करतं? पुढे नागपूरला मिहानमध्ये एअर इंडियासाठी उभारलेलं विमान दुरुस्ती केंद्र आहे हे तिला कळलं, आणि तिनं रस्ता ठरवला. आम्ही एक एकर धानाची शेती गहाण ठेवली. हे दया यावी म्हणून सांगत नाही. गावातल्या आणखी तीन मुलींनी तिच्याकडे बघून विज्ञान शाखा घेतली आहे, आणि त्यांचे बाप मला विचारतात, तिथे काम बघून गुण देतात का? आजच्या घडीला मी त्यांना हो म्हणू शकत नाही.

पुढचं प्रात्यक्षिक सत्र सुरू होण्याआधी लेखी उत्तर द्यावं, ही विनंती. दोन्ही जॉब माझ्याकडे जसेच्या तसे आहेत. मुलीला ते तीन रिव्हेट काढून नवे मारायचे होते, मी हात लावू दिला नाही. शेजारी आकड्यांचं ते पान ठेवलं आहे. तुम्ही दिवस कळवा, मी जॉब आणि व्हर्नियर घेऊन येतो. तुमच्या टेबलावर, तुमच्या गेजनं, दोन्ही मुलींसमोर पुन्हा मोजू.

आपला,
एक लेथ कारागीर आणि तुमच्या विद्यार्थिनीचा बाप
तालुका आमगाव, जिल्हा गोंदिया